मेणबत्तीच्या प्रयोगात पाणी नक्की कशामुळं चढतं? (आणि मुलांना उत्तर न सांगता पुढं कसं न्यायचं?)

मधली_सुट्टी

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात पेठेतल्या तालमीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी पाचवी ते सातवीच्या मुलांना प्रयोग करायला बसवते. साहित्य घरातलं, हार्डवेअरमधलं नाहीतर मेडिकलमधलं. प्रयोगशाळा नाही, गॅस नाही.

अडलंय ते मेणबत्तीच्या प्रयोगात. ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वर काचेचा ग्लास उपडा. ज्योत विझते आणि पाणी ग्लासात चढतं. "ऑक्सिजन जळून संपला, हवेत तो पाचवा भाग असतो म्हणून पाणी पाचव्या भागापर्यंत चढलं" हे उत्तर मुलं पाठ करूनच येतात. पण एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या की पाणी स्पष्टपणे जास्त चढतं. ग्लास तोच, हवा तेवढीच, मग जास्तीचा ऑक्सिजन कुठून आला, असं मुलंच विचारतात.

खरं कारण काय, हे मला हवंच आहे. पण ते मुलांना स्वतः सापडेल अशी प्रयोगांची साखळी कशी लावायची, हे जास्त हवंय. हवेतला ऑक्सिजन खरोखर मोजता येईल असा स्वस्तातला प्रयोग आहे का? आणि थंडीत गच्चीवर करण्यासारखं काही असेल तर तेही सांगा.

काचनळी

ताई, पोरांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. पाणी चढण्याचं मुख्य कारण म्हणजे तापलेली हवा गार होणं. ग्लास उपडा घालताना ज्योतीवरची हवा आधीच तापून पसरलेली असते, म्हणजे ग्लासात मुळातच कमी हवा कोंडली जाते. ज्योत चालू असेपर्यंत आणखी थोडी काठाखालून बुडबुड्यांनी बाहेर पडते. ज्योत विझली की आतली हवा आकसते, जळताना झालेली वाफ काचेवर पाणी होऊन बसते, आतला दाब उतरतो आणि बाहेरची हवा ताटलीतलं पाणी आत ढकलते. तीन मेणबत्त्या म्हणजे जास्त उष्णता, म्हणून जास्त पाणी.

सातवीच्या मुलांपुढं ऑक्सिजनचा हिशेबही मांडता येईल. मेण जळताना साधारण ३ भाग ऑक्सिजन खर्ची पडला तर २ भाग कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि तोही वायूच आहे. म्हणजे जागा रिकामी होते ती एका भागाची. शिवाय मेणबत्ती ऑक्सिजन संपेपर्यंत जळत नाही. तो २१ टक्क्यांवरून १६ टक्क्यांच्या आसपास आला की ती विझते. गेलेल्या ५ टक्क्यांची बरीचशी जागा कार्बन डायऑक्साइडनं भरलेली असते, तेव्हा खरी घट एकूण हवेच्या २ टक्क्यांच्या आतच. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो हे खरं, पण एवढ्या थोड्या वेळात फारसा नाही. पाणी बरोबर पाचव्या भागाला थांबलं तर तो योगायोग समजायचा.

हे सगळं मुलांना आधी सांगू नका. पहिल्यांदा फक्त एक प्रश्न द्या: पाणी कधी चढतं, ज्योत चालू असताना की विझल्यावर? ऑक्सिजन संपण्यामुळं चढत असेल तर ज्योत जळत असतानाच हळूहळू चढायला हवं. प्रयोगाआधी प्रत्येकानं आपला अंदाज वहीत लिहायचा, खोडायचा नाही. मग करून बघायचं. ज्योत मंद होते, विझते आणि त्यानंतर पाणी झपकन वर येतं, हे पाहिल्यावर पाठ केलेलं उत्तर आपोआप डळमळतं.

दुसऱ्या फेरीत पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका. ग्लास टेकवल्या टेकवल्या काठाशी बुडबुडे दिसतील. "आतून बाहेर काय गेलं?" एवढंच विचारा.

तिसरी फेरी सगळ्यात महत्त्वाची, कारण तिच्यात ज्योतच नाही. काचेची बाटली आधी कोमट आणि मग चांगल्या गरम पाण्यानं विसळायची, पाणी ओतून टाकायचं आणि लगेच ताटलीतल्या गार पाण्यात उपडी ठेवायची. काही जळलं नाही, तरी पाणी चढतं. इथं मुलं गप्प होतात. त्यांना गप्प राहू द्या, लगेच बोलायला जाऊ नका. थेट उकळतं पाणी ओतलं तर जाड काच तडकते म्हणून आधी कोमट, आणि हे काम मोठ्या माणसानं करायचं.

आता बिघडतं कुठं ते. ग्लासाचा काठ ताटलीला घट्ट बसला तर पाणी आत शिरायला अडतं, म्हणून काठाखाली दोन नाणी सरकवा आणि पाणी किमान दीड सेंटीमीटर ठेवा. पाणी कमी असेल तर शेवटी काठाखालून हवा आत शिरते आणि चढलेलं पाणी परत उतरतं. मेणबत्तीची उंची ग्लासाच्या निम्म्याच्या आत हवी, नाहीतर काच काळी होते किंवा तडकते. ग्लास ज्योतीवर किती वेळ धरला यानंही फरक पडतो, तेव्हा "एक, दोन, टेकव" असा ठेका ठरवून टाका. चहाचे ग्लास वर रुंद, खाली निमुळते असतात, त्यामुळं उंची मोजून भाग काढता येत नाही. चढलेल्या पाण्याच्या रेषेवर पेननं खूण करायची. नंतर ग्लास सरळ करून खुणेपासून काठापर्यंतची जागा किती मिलीलिटरची, हे २० मिलीच्या सिरिंजनं पाणी भरून काढायचं: पूर्ण ग्लासात मावणारं पाणी वजा तळापासून खुणेपर्यंत मावणारं पाणी.

उद्यमनगरकर

ऑक्सिजन मोजायचा असेल तर तो अशा कशात तरी अडकवायला पाहिजे की बदल्यात वायू तयार होणार नाही. गंज! लोखंड ऑक्सिजन घेतं आणि घन गंज होतो, जागा रिकामी पडते.

कोल्हापुरात माल शोधायला लांब जायला नको. उद्यमनगरातल्या कुठल्याही लेथवाल्याकडं बीडाचा (ओतीव लोखंडाचा) बारीक कीस मागा, मूठभर कोणीही देईल. बीडच मागा, त्याला कारण आहे. बीड बहुतेक ठिकाणी कोरडंच कापतात, त्यामुळं कीस भुकटीसारखा आणि तेलाशिवाय मिळतो. पोलादाचे लांब वेटोळे कूलंटनं (कापताना सोडतात त्या तेलकट द्रवानं) माखलेले असतात, हात कापतात आणि तेलामुळं गंजतही नाहीत. तरी शंका असेल तर धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात कीस धुवून दोनदा साध्या पाण्यातून काढा.

आता कृती. सरळ अंगाची काचेची नळी किंवा अरुंद बाटली आतून मिठाच्या पाण्यानं ओली करायची (पेलाभर पाण्यात चमचाभर मीठ). त्यात चमचाभर कीस टाकून आडवी फिरवायची, म्हणजे कीस काचेला चिकटतो. उरलेला झटकून टाकायचा. मग बाटली पसरट भांड्यातल्या दोनेक सेंटीमीटर पाण्यात उपडी, काठाखाली काड्या. शेजारी तशीच दुसरी बाटली, मिठाच्या पाण्यानं ओली पण कीस नसलेली. ही दुसरी बाटली विसरू नका. तिच्यात पाणी वरखाली झालं तर तो हवामानाचा परिणाम, ऑक्सिजनचा नाही.

दोन ते तीन दिवस हलवायचं नाही. सुरुवात सकाळी १० ला केली असेल तर रोज १० लाच बघायचं. १५ सेंटीमीटरच्या नळीत पाणी ३ सेंटीमीटरच्या आसपास येऊन थांबतं आणि मग लोखंड शिल्लक असूनही पुढं सरकत नाही. मुलांना इथं थांबवून विचारा: कीस अजून काळा दिसतोय, मग गंजणं का थांबलं? शेवटी पाण्याखालीच बाटलीच्या तोंडावर झाकण दाबायचं, बाटली सरळ करायची आणि जळती काडी आत घालायची. आत जाताच विझते.

काही जण व्हिनेगर वापरतात, त्यानं काम लवकर होतं. पण व्हिनेगर निथळून विसळलं नाही तर ते लोखंडाशी मिळून हायड्रोजन सोडतं आणि तो वायू पाण्याला उलट खाली ढकलतो. मिठाचं पाणी हळू चालतं पण दगा देत नाही.

आणखी एक. भांडी घासायची तारेची घासणी घेऊ नका, ती बहुतेक स्टेनलेस असते. चुंबक लावून खात्री होत नाही, कारण स्टेनलेसच्या काही जाती चुंबकाला चिकटतात. मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी तांबूस झाली तरच चालेल.

मधली_सुट्टी

कीस सोमवारीच आणते. उद्यमनगरकर, मुलांचा आकडा २१ न येता १६ किंवा २४ आला तर काय करायचं? पुस्तकातला सांगून मोकळं व्हायचं?

फळ्याशेजारी

मधेच बोलतो. पुस्तकातला आकडा लगेच सांगितला की मुलं पुढच्या वेळी आपला आकडा त्याला जुळवून लिहितात. एकदा ती सवय लागली की मोडत नाही. सगळ्या गटांचे आकडे फळ्यावर लिहा, सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान, आणि त्या दोन गटांनी काय वेगळं केलं ते बाकीच्यांनी शोधायचं.

बहुतेक वेळा चोर तापमान असतं. हवा १० अंशांनी तापली तर साधारण ३ टक्के फुगते. पहिली नोंद सकाळी १० ला आणि शेवटची दुपारी ३ ला घेतली, बाटली खिडकीत उन्हाला ठेवली, की २१ चे १८ होतात. कीस नसलेल्या बाटलीनं किती फरक दाखवला ते वजा केलं की आकडा जाग्यावर येतो. तरीही १६ राहिला तर कीस तेलकट असणार किंवा गंजणं अजून संपलेलं नसणार, म्हणून आणखी एक दिवस ठेवायचं. आणि २४ आला तर बाटली ठेवताना ती हातानं तापली होती का, ते विचारा.

पुस्तकातला आकडा आणि आपला आकडा जुळत नसतानाही आपला बरोबर असू शकतो, याचं कोल्हापुरातलंच उदाहरण द्या. इथं पाणी १०० अंशांना उकळत नाही, ९८ च्या आसपास उकळतं. थर्मामीटर बिघडलाय असं मुलं म्हणणार. मग तोच थर्मामीटर वितळत्या बर्फाच्या चुऱ्यात घालायचा, तिथं तो ० दाखवतो. म्हणजे थर्मामीटर ठीक आहे. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच, आणि दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू साधारण १ अंशानं उतरतो. पन्हाळ्यावर तो आणखी अंशभर खाली जाईल, सहल असेल तर थर्मामीटर आणि इलेक्ट्रिक किटली बरोबर न्या. थर्मामीटर ११० अंशांपर्यंतचा, रंगीत स्पिरिटचा घ्या, पाऱ्याचा मुलांच्या हातात नको. त्याचा फुगा किटलीच्या तळाला टेकवायचा नाही, पाण्यात मधोमध धरायचा.

गच्चीवरचा_शंकू

गच्चीचं मी सांगतो. मुलांना दोन गोष्टी पक्क्या वाटत असतात: दुपारी बाराला सावली सगळ्यात लहान होते आणि तेव्हा सूर्य बरोबर डोक्यावर असतो. कोल्हापुरात दोन्ही चूक, आणि दोन्ही एका काठीनं तपासता येतात.

पांढरा रंग दिलेला सपाट बोर्ड गच्चीवर ठेवा. चारी बाजूंना गोटी ठेवून ती घरंगळत नाही ना ते बघा, कडेखाली पुठ्ठ्याचे तुकडे घालून समतल करा. मधे २० सेंटीमीटरची सरळ काठी, ओळंब्यानं उभी. लांब काठी घेण्याचा मोह टाळा. सूर्य हा ठिपका नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे, म्हणून सावलीचं टोक धूसर पडतं. २० सेंटीमीटरच्या काठीला डिसेंबरातल्या दुपारी ही धूसर कड सुमारे तीन मिलीमीटर असते. मीटरभर काठीला दीड सेंटीमीटरच्या वर जाते आणि मग "टोक इथं की तिथं" यावर भांडणं.

११:४५ पासून १:१५ पर्यंत दर पाच मिनिटांनी टोकाला खूण. कोल्हापुरात सगळ्यात लहान सावली सरासरी १२:३३ ला येते. कारण आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाचं, आणि आपण ७४.२ अंशांच्या आसपास. दर अंशाला ४ मिनिटं, गुणाकार मुलांनाच करू द्या. मात्र हा आकडा वर्षभर एकच राहत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो १२:१७ असतो, फेब्रुवारीच्या मध्याला १२:४७. मुलांचं उत्तर १२:३३ आलं नाही तर आधी तारीख बघा, मग चूक काढा.

त्याच बोर्डावर काठीभोवती २२, २६ आणि ३० सेंटीमीटर त्रिज्येची वर्तुळं काढली तर पूर्व-पश्चिम रेषाही मिळते. डिसेंबरअखेर सावलीचं टोक ३० च्या वर्तुळाला सकाळी दहाच्या जरा आधी आत शिरताना आणि दुपारी सव्वातीनच्या सुमारास बाहेर पडताना शिवतं. ते दोन बिंदू जोडले की झाली रेषा. जुने ज्योतिषी आणि वास्तू बांधणारे शंकूनं, म्हणजे अशा उभ्या काठीनं, दिशा अशाच काढत. तिन्ही वर्तुळांच्या रेषा समांतर आल्या पाहिजेत. आल्या नाहीत तर काठी कललेली आहे.

सर्वांत लहान सावलीची लांबी महिन्यातून एकदा नोंदवायला सांगा. २० सेंटीमीटरच्या काठीला २२ डिसेंबरला सुमारे १७, २१ मार्चला ६ आणि मेच्या ६-७ तारखेला शून्य. त्यानंतर सावली चक्क दक्षिणेला पडायला लागते, २१ जूनला जवळजवळ अडीच सेंटीमीटर. शून्य सावलीचा दुसरा दिवस ऑगस्टच्या ५-६ ला येतो.

आता किरणोत्सवाकडं या. अंबाबाईच्या देवळात मावळतीची किरणं ९, १०, ११ नोव्हेंबरला आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला मूर्तीपर्यंत पोचतात, हे कोल्हापुरातल्या पोरांना सांगावं लागत नाही. पण वर्षातून दोनदाच का, आणि याच तारखा का, हे कोणी विचारत नाही. कॅलेंडर द्या आणि १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर आणि २२ डिसेंबर ते १ फेब्रुवारी दिवस मोजायला लावा. दोन्हीकडं ४१. सूर्य दक्षिणेकडं जाताना ज्या जागी मावळतो त्याच जागी परत येताना मावळतो. काठीनंही हे दिसतं: दोन्ही वेळेला दुपारची सावली सारखीच, साडेतेरा सेंटीमीटरच्या आसपास.

मग सूर्यास्ताच्या वेळा काढायला सांगा. जागा एकच, पण फेब्रुवारीतला सूर्यास्त नोव्हेंबरपेक्षा जवळजवळ अर्धा तास उशिरा. वर १२:१७ आणि १२:४७ का दिलं, ते हुशार पोरं इथं जोडतात. न जोडलं तर राहू द्या, पुढच्या वर्षी जोडतील.

मावळतीची जागा गच्चीवरून नोंदवताना उभं राहायची जागा खडूनं आखून ठेवा. दोन पावलं सरकलं तरी समोरच्या टाकीमागचा सूर्य टाकीच्या बाजूला दिसायला लागतो. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश भरते. किरणोत्सवाच्या वेळी सूर्य पश्चिमेच्या डावीकडं १८ अंशांवर मावळतो, म्हणजे दोन मुठींना थोडं कमी. सूर्याकडं थेट बघू द्यायचं नाही. जिन्याच्या गजाची सावली समोरच्या भिंतीवर कुठं पडते ते आठवड्यातून एकदा खडूनं आखलं तरी सरकणं तेवढंच दिसतं.

काचनळी

शंकूसाहेब, किरणोत्सवाचं भारी जमलंय. एक भर घालतो: नोव्हेंबरातल्या तीन दिवसांत मावळतीची जागा रोज डावीकडं सरकते आणि फेब्रुवारीत उजवीकडं. हे मुलांकडून आधी वदवून घ्या, मग भिंतीवरच्या खुणा बघा.

उद्यमनगरकर

पावसाळ्यात हॉलमध्ये करायला लंबक ठेवा, ताई. दोऱ्याला नट बांधायचा, खुंटीपासून नटाच्या मध्यापर्यंत २५ सेंटीमीटर. २० झोक्यांना (जाऊन परत आला की एक झोका) जवळजवळ २० सेकंद लागतात. लांबी १०० सेंटीमीटर केली की ४० सेकंद. चौपट लांबी, दुप्पट वेळ.

गडबड होते ती वजन तपासताना. मुलं एका नटाखाली दुसरा, त्याखाली तिसरा असे लोंबकळत बांधतात, त्यामुळं वजनाबरोबर लांबीही वाढते आणि "जड लंबक हळू जातो" असा चुकीचा निष्कर्ष पक्का होतो. तारेच्या एकाच आकड्यात तिन्ही नट शेजारी शेजारी अडकवा. लोकरीचा दोरा ताणतो, गोधडी शिवायचा जाड दोरा घ्या. मोजणी सोडताना "शून्य" म्हणून सुरू करायची, "एक" म्हटलं की वीसाचे एकोणीस होतात. आणि झोका लहान ठेवा. पोरं हात वर करून सोडतात, मोठ्या झोक्याला वेळ थोडा जास्त लागतो.

मधली_सुट्टी

सगळ्यांचे आभार. शून्य सावली मेमध्ये बघायची म्हणजे सुट्टीत, मुलं गावाला गेलेली असतात. ऑगस्टमध्ये जमेल का?

गच्चीवरचा_शंकू

ऑगस्टमध्ये आपल्याकडं ऊन मिळेल याची खात्री धरू नका. जी मुलं मेमध्ये शहरात आहेत त्यांना घरीच करायला सांगा: सपाट फरशीवर स्टीलचा सरळ अंगाचा डबा उभा ठेवायचा, १२:२० ते १२:४० दरम्यान बघत राहायचं, सुमारे १२:३० ला डब्याभोवती सावलीच दिसत नाही. गावाला गेलेल्यांनाही तेच सांगा, फक्त गाव कोल्हापूरच्या उत्तरेला असेल तर तारीख पुढं जाईल, दक्षिणेला असेल तर मागं. कोणाला कोणत्या तारखेला दिसलं ते गावांच्या नावासकट लिहून आणायला लावा आणि जूनमध्ये नकाशा भिंतीवर लावून त्यावर टाचण्या टोचा.